तात्यांच्या नावानं खीर

किशोर थेटे यांना साखरेची भीती नव्हती, सुईची होती. एवढं ध्यानात ठेवलं की पुढं जे घडलं ते समजायला सोपं जाईल. साखर त्यांच्या रक्तात कित्येक वर्षं सुखानं नांदत होती. तिनं त्यांना कधी त्रास दिला नव्हता आणि त्यांनीही तिला दिला नव्हता. गोळ्या ते आठवेल तशा घेत. सकाळी फिरायला जात, म्हणजे जॉगिंग ट्रॅकच्या फाटकापर्यंत जात आणि तिथं थांबलेल्या निवृत्त मंडळींशी देशाच्या प्रकृतीबद्दल बोलून परत येत. पण गणपती उठल्यावर रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टर भामरे रिपोर्ट खाली ठेवून म्हणाले, "थेटे साहेब, आता इन्सुलिन."

किशोररावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"रोज?"

"रोज."

"स्वतःच टोचायचं?"

"शेजाऱ्यांनी टोचलं तरी चालेल. औषध आत गेल्याशी मतलब."

किशोररावांची मुलगी तेजस्विनी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती या प्रसंगी आईच्या फोनच्या पडद्यावर हजर होती. तिनं तिथूनच वाटाघाटी सुरू केल्या. पप्पांना एक संधी द्या, दंडावर सेन्सर लावू, साखर रात्रंदिवस मोजली जाईल आणि जे काय ठरवायचं ते डेटा बघून ठरवू. डॉक्टरांनी विचार करून मान डोलावली. पंधरा दिवसांचा आलेख शहाण्यासारखा राहिला तर सुई पुढं ढकलायची, नाहीतर कुरकुर न करता टोचून घ्यायचं. किशोररावांनी हे लगेच मान्य केलं. पंधरा दिवस शहाण्यासारखं वागणं त्यांना त्या घटकेला फार सोपं वाटलं.

"उद्याच लावून टाकू," डॉक्टर म्हणाले. "सध्या गर्दी नाही. पितृपक्षात कोणी नवीन काही सुरू करत नाही ना."

किशोररावांच्या पत्नी उज्वलाताई हे ऐकून खुर्चीत सरळ झाल्या. तेजस्विनीला मात्र काही कळलं नाही. तिच्या कॅलेंडरात अशा गोष्टी दिसत नाहीत. सेन्सरचे पंधरा दिवस आणि पितरांचे पंधरा दिवस एकाच सकाळी सुरू होत होते. हा केवढा अपघात आहे हे समजायला थेट्यांच्या भाऊबंदकीत जन्म घ्यावा लागतो.

थेट्यांचं मूळ गाव शहरापासून तासाभरावर, गिरणाऱ्याच्या पुढं. तिथं या पंधरवड्यात घरोघरी आपापल्या तिथीला पित्र घालतात. गेलेला माणूस स्वतः जेवायला येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या नावानं एखादा जिवंत माणूस पाटावर बसवतात. या माणसानं खाल्लेलं थेट वर पोचतं. त्यामुळे 'मला नको' म्हणायचा अधिकार त्याला नसतो. भूक त्याची नसतेच मुळी. या कामाला किशोररावांना फार मागणी होती. पोट भारदस्त, केस पांढरे, आणि आग्रह मोडण्याची सवय नाही. एरवी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी येईल त्या अर्जाला नाही म्हटलं होतं, पण वाटीला कधी म्हटलं नव्हतं.

त्यांचं सगळ्यात मानाचं ताट असे बहिरूतात्यांचं. तात्या म्हणजे त्यांचे चुलते. तात्या गेले तेच मुळी साखरेनं. आधी अंगठा गेला, मग पाय, मग तात्या. शेवटची काही वर्षं डॉक्टरांनी त्यांची खीर बंद केली होती आणि 'एक घास तरी द्या गं' असं म्हणतच ते गेले. ती रुखरुख तात्यांची सून कलाबाई दर पितृपक्षात चतुर्थीला भरून काढत असे. तात्यांना जिवंतपणी नाकारलेली खीर ती मोठ्या वाटीनं किशोररावांच्या पोटात घालत असे. यात काही विसंगती आहे असं त्या घरात आजवर कोणाला वाटलं नव्हतं.

सेन्सर लागला. नाण्याएवढी पांढरी चकती, लावताना फक्त टक् असा आवाज. किशोररावांनी डोळे मिटून घेतले होते; उघडले तेव्हा ते एका ॲपचे सभासद झाले होते. ॲपचं नाव 'साखरसोबती'. तिच्या अंगी तीन गुण होते. साखर चढली की ती फोनमधून किंचाळायची. ती चढल्याचं पुण्याला तेजस्विनीलाही दिसायचं. आणि तृप्ती नावाची एक आरोग्य-मार्गदर्शक ॲपमधूनच फोन करून आपुलकीनं चौकशी करायची. ही आपुलकी वर्गणीतच धरलेली होती.

जेवणाआधी ताटाचा फोटो काढला की ॲप पदार्थ ओळखते, असंही पत्रकात लिहिलं होतं. पहिल्या दिवशी तिनं बाजरीची भाकरी ओळखली ती 'पिझ्झा, टॉपिंगशिवाय' अशी. पिठल्याला ती कस्टर्ड म्हणाली. रविवारी मिसळीचा फोटो दाखवल्यावर तिनं बराच विचार केला आणि 'भाज्यांचे सूप, उत्तम निवड' असा शेरा दिला. किशोररावांचा तंत्रज्ञानावर विश्वास बसला तो या क्षणी. तासाभरानं सूप रक्तात पोचलं आणि फोन किंचाळला, तेव्हा विश्वास उडाला.

समोरच्या फ्लॅटमधले ज्ञानेश पिंगळे बँकेतून निवृत्त झालेले. ते दंड बघायला आले.

"थेटे साहेब, याच्या लहरी हृदयात जातात बरं का. माझ्या साडूच्या मित्राला..."

"काय झालं?"

"झालं काही नाही. पण होऊ शकलं असतं." पिंगळ्यांनी चकती बोटानं दाबून बघितली. "त्यापेक्षा जांभळाच्या बियांची पूड घ्या. आणि जेवण झालं की एका पायावर उभे राहा. साखर खाली उतरते."

किशोरराव दोन दिवस जेवणानंतर एका पायावर उभे राहिले. साखर उतरली नाही. ते मात्र एकदा उतरले, फ्रिजच्या कोपऱ्यावर.

चतुर्थीला ते गावी गेले ते निश्चय करून. खिरीला हात लावायचा नाही. चुलतभाऊ गेणू, म्हणजे तात्यांचा मुलगा आणि कलाबाईचा नवरा, वाटच बघत होता. गेणू त्यांच्याहून लहान, झेंडूची शेती करणारा, अंगानं ऊन दाखवलेल्या शेंगेसारखा वाळका. त्याच्या हातात कायम पाण्याची बाटली असे. किशोररावांना त्याच्याकडे बघून दरवेळी एकच गोष्ट सुचायची आणि ते ती बोलूनही दाखवायचे, "गेण्या, तुझं बरं आहे लेका. काडी आहेस. तुला कसली शुगर?"

"आपल्याला कसली दादा," गेणू म्हणायचा आणि पाणी प्यायचा.

ताट वाढलं. वडे, कढी, डांगराची भाजी आणि मधोमध खीर. कौलांवर कावळ्यासाठी घास ठेवला. कावळा समोरच्या शेवग्यावर बसला होता. किशोररावांनी खिरीची वाटी ताटाबाहेर सरकवली, आणि कावळ्यानं त्याच घटकेला मान फिरवली.

"तात्या रुसले," कलाबाई दारातून म्हणाली.

"अगं, मला डॉक्टरांनी..."

"तुम्हाला कोण म्हणतंय दादा? तुम्ही आत्ता तात्या हायेत. तात्याला जिवंतपणी डाक्टरनं दिली नाय, आता तरी देऊ द्या."

किशोररावांनी तात्यांसाठी एक चमचा घेतला. मग तात्यांनी दुसरा मागितला. पहिली वाटी संपून दुसरी निम्मी होते तोच त्यांच्या खिशातून ॲप अशी काही किंचाळली की कावळा शेवग्यावरून उडून थेट शेजारच्या मळ्यात गेला. पोरीबाळी हसल्या. कलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बंद करा ते!"

ते बंद होत नव्हतं. शेवटी गेणूनं फोन काढून घेतला, लांब मळ्यातल्या खोपीत नेऊन झेंडूच्या ढिगाखाली पुरला आणि हात झटकत परत आला. "आता जेव निवांत. तिकडं फोन, इकडं तू. त्याला काय दिसतंय?"

हा मुद्दा किशोररावांना शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड वाटला. ते निवांत जेवले. कावळाही परतला आणि घास घेऊन गेला. कलाबाईनं समाधानानं डोळे पुसले. किशोरराव आपल्या त्यागानं स्वतःच भारावून गेले. निघताना गेणूनं फोन उकरून त्यांच्या हातात दिला. फोन दंडाजवळ येताच थरथरला, आणि मधल्या वेळात घडलेलं सगळं त्यानं पडद्यावर ओतलं. आलेखात एक डोंगर उभा राहिला. ब्रह्मगिरी लांबून दिसतो तसा, सपाट माथ्याचा; कारण त्याच्या वर आकडे दाखवायला पडद्यात जागाच उरली नव्हती.

फोन पुण्याहून आला.

"पप्पा, सेन्सर आठ तास सगळं लक्षात ठेवतो."

"हा सेन्सर आहे की तुझी आई?"

"विनोद नको. मी आता काहीही बोलणार नाही. माझ्या फोनवरचे अलर्टही बंद करते. पंधरा दिवसांनी डॉक्टरच बोलतील."

घरी उज्वलाताईंनी याहून कमी शब्दांत काम भागवलं. त्या म्हणाल्या, "तात्यांना पोचली का?" आणि त्यांनी रात्री कारल्याची भाजी वाढली. किशोररावांनी रागारागानं सदरा डोक्यावरून ओढून काढला, तो चकतीला अडकला आणि सेन्सर उखडून हातात आला.

कंपनी उदार निघाली. दोन दिवसांत नवा सेन्सर कुरिअरनं घरी आला, सोबत 'पुन्हा नव्याने सुरुवात करू या' असं लिहिलेलं गुलाबी कार्ड. किशोररावांनी तो खिशात टाकला आणि अष्टमीला दुसऱ्या एका चुलत्याच्या ताटावर बसायला ते गावी गेले. जाताना वाटेत गेणूच्या खोपीत टेकले. गेणू झेंडूच्या माळा ओवत होता. किशोररावांनी त्याला सगळं सांगितलं. सुई, आलेख, मुलीचा अबोला, कारलं.

गेणूनं सुईत दोरा ओवायचा दोनदा प्रयत्न केला. नेम चुकला. मग तो म्हणाला, "दादा, एक इचारू? तू माझ्या बापाच्या नावानं जेवतो. ते त्याला पोचतं."

"पोचतं."

"मग तुझ्या नावानं ही चकती मी लावली तर? तुझ्या डाक्टरला पोचेल का नाय?"

इतक्या साध्या गोष्टीपर्यंत आपली बुद्धी का पोचली नाही याचं किशोररावांना नवल वाटलं. भाऊबंदकीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, कोणाच्याही आक्षेपाविना मान्य असलेली पद्धत होती ती. फक्त दिशा उलटी. आणि गेणूसारखा काडीपैलवान. त्याच्या दंडावरून आलेख निघेल तो कसा, इस्त्री केल्यासारखा!

टक् आवाज झाला. ॲप किशोररावांच्या खिशातल्या दुसऱ्या, जुन्या फोनमध्ये घालून तो फोन गेणूच्या स्वाधीन झाला. उखडलेली जुनी चकती किशोररावांनी चिकटपट्टीनं आपल्या दंडावर परत बसवली. हे झाल्यावर त्यांना जी मनःशांती लाभली ती निवृत्तीच्या दिवशीही लाभली नव्हती. त्या दिवशी ते जेवले. पुढच्या तिथीला जेवले. पिंगळ्यांकडेही जेवले, जिथं त्यांच्या कोणाचं काही नव्हतं. मुलगी गप्प होती. गप्प म्हणजे खूश, असा अर्थ त्यांनी लावला. नोकरीतही वरून पत्र आलं नाही की काम उत्तम चाललंय असंच ते समजत.

मध्ये एकदा ते गेणूकडे डोकावले. गेणू माळ ओवता ओवता फोन कानाशी धरून बोलत होता.

"हां मॅडम, जेवलो. भाकर आन् ठेचा... पाय? पाय लय जळत्यात वो. राती तांब्याभर पाणी लागतं, परत उठायचं, परत तांब्या... डोळ्याला? आता सुईत दोरा जाईना, बायको ओवून देती... हां, हां. तुमीबी जेवा मॅडम टायमावर."

किशोररावांनी फोन बंद होईपर्यंत कसाबसा दम धरला. "गेण्या, अरे एवढं कशाला रंगवतोस? 'बरं आहे' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं!"

"रंगवायचं काय त्यात? त्या इचारतात, मी सांगतो." गेणूनं बाटली तोंडाला लावली. "बरी बाई हाय. आपल्याला आजवर असं कोणी इचारलंच नाय."

"कमी बोलत जा," किशोररावांनी बजावलं. भावाचं अभिनयकौशल्य त्यांना जरा जास्तच वाटलं.

एकादशीच्या दुपारी ते तुडुंब जेवून घरी आले तर दारात तेजस्विनीची गाडी. ती आत बसून रडत होती. उज्वलाताईंनी पिशवी भरून ठेवली होती. पिंगळे चपला घालून तयार होते. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की ते न बोलावता तयार असतात.

"पप्पा, तृप्ती मॅडमचा फोन आला मला. दोन दिवस त्या तुम्हाला दवाखान्यात जा म्हणून सांगताहेत आणि तुम्ही 'घरी इचारून सांगतो' म्हणता? उपाशीपोटी साडेतीनशे! जेवल्यावर तर आकडाच येत नाही!"

"कोणाच्या?" किशोरराव म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

दवाखान्यात त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. त्यांचं चालणं, बोलणं, ढेकर देणं सगळं ठणठणीत होतं. पण आलेखासमोर त्याला किंमत नव्हती. नर्सनं बोटाला टोचून रक्त घेतलं तेव्हा ते "आई गं" म्हणाले. तेही लक्षण म्हणून लिहून घेतलं गेलं. डॉक्टर भामऱ्यांनी बोटाचा आकडा बघितला, आलेखाचा बघितला, परत बोटाचा बघितला.

"बोटाची अडीचशे. सेन्सर सांगतोय चारशेच्या वर." त्यांनी कपाळ चोळलं. "सेन्सर खराब निघाला. तेजस्विनी, हे सगळे आकडे रद्द. नवा लावू आणि पंधरा दिवस पहिल्यापासून मोजू."

आपलं नशीब एवढं हुशार असेल असं किशोररावांना कधी वाटलं नव्हतं. सुई टळली होती. बिंग फुटलं नव्हतं. मधले जेवणाचे दिवस हिशेबातून पुसले गेले होते, आणि पुढच्या पंधरा दिवसांत बहुतेक नवरात्र, म्हणजे उपासच. ते खुर्चीतून उठूही लागले. पण तेजस्विनीनं तृप्तीला फोन लावून स्पीकरवर ठेवला होता.

"सर, सेन्सर खराब असेल," तृप्ती म्हणाली, "पण मग अंगठ्याच्या जखमेचं काय?"

"कसली जखम?" डॉक्टरांनी विचारलं.

"किशोर सरांनीच सांगितलं ना. पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलं, महिना झाला तरी भरत नाही. आणि दुखतही नाही म्हणाले."

"थेटे साहेब, चप्पल काढा."

किशोररावांनी चप्पल काढली. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं टेबलाखाली सावलीत वाढलेला, गुलाबी, निष्पाप अंगठा बाहेर आला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. डॉक्टरांनी दुसरा पायही मागितला. तोही तसाच.

"खुरपं?" उज्वलाताई म्हणाल्या. "यांनी कुंडीतली मातीसुद्धा कधी हलवली नाही."

"तोंडी माहितीवर विश्वास ठेवू नये," पिंगळ्यांनी मत दिलं. "माझ्या साडूच्या..."

एक शब्द न बोलता सुटता येणार होतं. 'बाईंचा काही घोटाळा झाला असेल' म्हटलं असतं तरी भागलं असतं. खात्यात असताना त्यांनी याहून मोठे घोटाळे याच वाक्यावर निभावले होते. पण किशोरराव स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि त्यांना दुसराच अंगठा दिसला. तात्यांचा. तोसुद्धा दुखत नव्हता. 'दुखत नाय तर कशाला डाक्टर' असंच तात्या म्हणाले होते. पाण्याची बाटली, सुईत न जाणारा दोरा, जळणारे पाय, सगळं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि 'रंगवू नकोस' म्हणून दटावलं होतं.

"ती साखर माझी नाही," किशोरराव म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी बाही वर केली आणि चिकटपट्टी ओढली. मेलेली चकती फरशीवर पडून घरंगळत पिंगळ्यांच्या चपलेपाशी थांबली.

पुढच्या पाच मिनिटांत तेजस्विनी जे बोलली ते तिचा हक्क होता, उज्वलाताई जे बोलल्या ते आयुष्यभर पुरणारं होतं, आणि पिंगळे काहीच बोलले नाहीत, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. डॉक्टरांनी मात्र एकच विचारलं, "तो माणूस कुठे आहे?"

गेणू खोपीत होता. नवरात्राचा झेंडू तोंडावर आला असताना आपल्याला कशासाठी गाडीत घालताहेत हे त्याला कळेना. "मला काय झालंय? दादालाच बघा, त्याची लय वाढलीया!" अंगठ्याला बांधलेलं फडकं सोडल्यावर डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. पंधरा दिवस उशीर झाला असता तर अंगठा ठेवता आला नसता, असं ते म्हणाले. अंगठा राहिला. इन्सुलिन सुरू झालं. पहिल्या दिवशी नर्सनं सुई टोचली तेव्हा गेणू तिच्याकडे बघत म्हणाला, "टोचा की. काय वाट बघताय?" ती म्हणाली, "झालं, काका."

शेजारच्याच खाटेवर किशोररावांचीही सुरुवात झाली. खऱ्या साखरेला खरी सुई. त्यांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला.

तृप्तीनं दोघांची खाती वेगळी केली. दुसऱ्याच दिवशी तिनं किशोररावांना फोन करून विचारलं, "काय त्रास होतो सर?" किशोरराव म्हणाले, "काही नाही. उत्तम." ती जरा हिरमुसून म्हणाली, "सर, ते आधीचे किशोर सर किती छान बोलायचे हो."

सर्वपित्रीला सगळे गेणूच्या घरी जमले. दोघा भावांच्या दंडांवर एकेक चकती, दोघांच्या ताटांत भाकरी, कढी आणि डांगर. जेवणाआधी गेणूनं सदरा वर करून इंजेक्शन घेतलं, फूल ओवावं तितक्या सहज. किशोरराव आपली सुई हातात धरून बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

"गेण्या," शेवटी ते हळूच म्हणाले, "माझी पण तूच घेतोस का? माझ्या नावानं?"

गेणूला ते पटलंही असतं. पण कलाबाई दारातच उभी होती.

"आता कोणाच्या नावानं काय बी नाय," ती म्हणाली. "ज्याची सुई त्यानं घ्यायची. आन् ज्याची खीर त्यानं खायची."

तिनं खिरीनं भरलेली अख्खी वाटी कौलांवर नेऊन ठेवली. शेवग्यावरचा कावळा लगेच आला, आधी चोचीनं खिरीतला भात उचलला, मग वाटीत मान घालून तळ पुसून काढला आणि आणखी आहे का म्हणून सगळ्यांकडे बघत बसला. कलाबाईनं पदर डोळ्यांना लावला. खाली दोन्ही फोन एकदम किंचाळले. किशोररावांनी भाकरीबरोबर गुळाचा खडा तोंडात टाकला होता, आणि गेणूनंही.

तात्यांची साखर मात्र कोणी मोजली नाही.